इराची दुसरी आणि उंच ग्लासातलं ताक

कुठून सुरू करू, तेच कळत नाही. लहान मुलं विचार कसा करतात, हा विषय मी पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवला, एवढं आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला निदान माझी दया येईल.

मुलाची, समीरची, दिल्लीला बदली झाली आणि आम्ही सगळे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो. तो आणि सूनबाई मंजिरी दिवसभर ऑफिसात. सात वर्षांची नात इरा माझ्याकडे. नव्या शाळेनं विचारलं होतं, हिला थेट दुसरीत बसवायचं की पहिली पुन्हा करू द्यायची? शनिवारपर्यंत सांगा.

सरळ दुसरी म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण नातीचं वर्ष नुसत्या अंदाजावर कसं ठरवायचं?

मी दोन सारख्या ग्लासांत सारखं ताक ओतलं. मग इरासमोरच एका ग्लासातलं उंच, अरुंद ग्लासात ओतलं. लहान मुलांना उंच ग्लासात जास्त दिसतं. सातव्या वर्षाच्या आसपास हा घोळ सुटायला लागतो.

"आता कशात जास्त आहे?"

"सेम आहे," इरा म्हणाली.

मला हायसं वाटलं. तरी खात्री असावी म्हणून पुन्हा विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं आणि म्हणाली, "उंचवाल्यात जास्त."

मी लगेच वही काढून तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी कणकेचे दोन सारखे गोळे घेतले, एक लाटून चपटा केला. तिसऱ्या दिवशी राजम्याच्या दोन रांगा मांडल्या, एक पसरून लांब केली. दर वेळी तेच. आधी बरोबर, पुन्हा विचारलं की चूक. मी विद्वान माणूस, मी काय अर्थ काढला असेल? पहिलं उत्तर वरवरचं, दुसरं मनातलं! चार पानी टिपण लिहिलं, आकृत्यांसकट.

मंजिरीला पटेना. परवा तुमच्या मोबाइलमधला घोळ हिनंच निस्तरला ना, म्हणाली. ती क्षमता वेगळी, असं मी तिला समजावलं. आयुष्यात माझं एक न ऐकणाऱ्या समीरनं नेमकं याच वेळी ऐकलं. "बाबा एक्सपर्ट आहेत यार, पहिलीच करू दे."

इरानं ते ऐकलं. खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण दुसरीत जाणार होती. त्या रात्री पोरगी न जेवता झोपली आणि मी टिपण पुन्हा वाचत बसलो.

शनिवारी शाळेत मॅडमनी टिपण शेवटपर्यंत वाचलं. मग टेबलावरच्या दोन ग्लासांत पाणी सारखं करून दाखवलं, त्यातलं एक बाटलीत ओतलं आणि इराला विचारलं, किसमें ज़्यादा है?

"सेम है मैडम. आपने इसी में से तो डाला."

मॅडम समाधानानं मान हलवत होत्या. मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. "इरा, नक्की?"

"बोतल में ज़्यादा है," इरा तत्काळ म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "बेटा, अभी तो सेम बोला था. बदल क्यों दिया?"

"आजोबा दुबारा पूछते हैं, मतलब गलत है. वो गलत कभी नहीं बोलते, बस फिर से पूछते हैं."

समीर छताकडे बघत होता. तुम्हाला सांगतो, मुलाला 'चूक' म्हणायचं नाही, नुसतं पुन्हा विचारायचं, ही माझीच पद्धत. घरी तिची गणितं मी अशीच घेतो. पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांनाही हेच शिकवलं, तेही अभिमानानं.

मॅडमनी माझं टिपण घडी करून परत दिलं. "सर, अब आप ही बताइए. दूसरी में बिठा दें?"

"जी, दूसरी में."

"पक्का?"

मी घडी केलेलं टिपण पुन्हा उघडलं. आपलं काही चुकलं की काय? "नहीं… मतलब… पहली भी ठीक…"

इरानं माझा शर्ट ओढला आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, तुमचं फर्स्टवालं आन्सर बरोबर होतं."