बाबांना चालेल अशी सिस्टिम

आमच्या अमेरिकेतल्या बॉथेलच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे. सगळ्यांचा म्हणून घेतलेला, त्यामुळे त्याच्यावरची धूळ कोणी पुसायची ते आजतागायत ठरलेलं नाही. सकाळी सातच्या सुमाराला मी लेकीचा डबा भरत असले की त्याच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागायचा. माउसला कुणाचा हात नाही आणि बाण मात्र सुखाने इकडून तिकडे फिरतोय. शेजारणीने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या कपातली कॉफी हिंदकळली. पोळीला तूप लावता लावता मी तिला म्हटलं, “काही नाही, माझे बाबा आलेत.”

बाबा असतात सांगलीला. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि तो बिघडवायला सुरुवात केली. लांबचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर आणून चालवता येतो असं एक सॉफ्टवेअर मी दोन्हीकडे टाकलं होतं. त्यातून मी इथे बसून त्यांचा घोळ निस्तरायचे. एकदा त्यांचे हरवलेले फोटो शोधून देत होते. ते आपल्या स्क्रीनवर माझा बाण फिरताना बघत बसले आणि म्हणाले, “म्हणजे आत्ता तू इथे आलीयेस. मग मला तुझ्याकडे येता येईल का गं?” मला हसू आलं. मी पासवर्ड देऊन टाकला.

झालं! इथे आमची सकाळ आणि तिकडे संध्याकाळच्या बातम्या संपलेल्या, त्या वेळेला बाबा रोज यायला लागले. हातावर हात ठेवून स्वस्थ बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. आमच्या डाउनलोड्समधला कचरा काढायचा, फोटो वर्षवार लावायचे, स्क्रीनवर त्यांच्या गच्चीतल्या जास्वंदीचा फोटो चढवायचा, असं काहीबाही चालू असायचं. जाताना पत्त्यांचा डाव अर्धवट मांडून ठेवायचे आणि शाळेतून आल्यावर लेक तो पुरा करायची. मी फोन केला की आई म्हणायची, “घरात नाहीत. तुझ्याकडे गेलेत,” आणि बाबा पलीकडच्या खोलीत बसलेले.

आता कॉम्प्युटर कुठल्या सिस्टिमवर चालावा यावरून आमच्या घरात चाललेल्या धर्मयुद्धाबद्दल सांगायला हवं. माझा नवरा कट्टर लिनक्सवाला. पुण्यात कॉलेजात असताना कुणीतरी त्याला दीक्षा दिली आणि तेव्हापासून तो दिसेल त्याला द्यायला बघतो. मी ऑफिसने दिलेल्या मॅकवर काम करते आणि त्याच्या प्रेमात आहे. डेस्कटॉपवर होतं विंडोज. त्याच्या बाजूने फक्त आमची नऊ वर्षांची लेक, कारण तिचे गेम्स त्यावर. बरीच वर्षं हे तिन्ही पक्ष सुखाने भांडत नांदले. मग विंडोजची नवी आवृत्ती आली आणि आमच्या म्हाताऱ्या मशीनला ती झेपणार नाही आणि जुनीला आता अपडेट मिळणार नाहीत असं निघालं.

नवऱ्याला मुहूर्तच सापडला. त्याने फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर तीन उभे रकाने आखले आणि आडव्या रांगांत लिहिलं : वेग, सुरक्षितता, खर्च, गेम्स.

“तुझं मॅक म्हणजे भाड्याचं घर आहे,” तो म्हणाला. “भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा.”

“आणि तुझं लिनक्स म्हणजे बांधकाम चालू असलेलं घर. राहायला कधी जायचं?”

“अगं, ते दिवस गेले यार! आता टाकलं की सगळं आउट ऑफ द बॉक्स चालतं.”

“बट ऑल माय गेम्स आर ऑन विंडोज!” लेक ओरडली. या एका मुद्द्यावर आम्हा नवरा-बायकोचं ताबडतोब एकमत झालं आणि गेम्सची रांग पुसण्यात आली.

खर्चाच्या रांगेत माझा मॅक आडवा झाला. लिनक्स फुकट, शिवाय जुन्या मशीनवर पळणारं. शनिवारी सकाळी आंघोळबिंघोळ करून, सत्यनारायणाला बसावं तसा नवरा डेस्कटॉपपुढे बसला आणि दुपारपर्यंत विंडोज गेलं. ते मशीन खरंच पळायला लागलं, हे मला मनात नसताना कबूल करावं लागलं. वेग पाहिला, सुरक्षितता पाहिली, खर्च पाहिला. त्या मशीनवर रोज तासभर बसणारा माणूस कोण, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सोमवारी बाण हलला नाही. मला वाटलं, पाहुणे आले असतील. मंगळवारीही नाही. माझं ऑफिसमध्ये काहीतरी पेटलं होतं, तेव्हा मंगळवार तसाच गेला. बुधवारी आईचाच फोन आला. आवाज एकदम खाली. “बाबांचं काही चुकलं का गं?”

“म्हणजे?”

“रोज पासवर्ड टाकून बघतायत. लागत नाही म्हणाले. मागच्या आठवड्यात पोरीची चित्रं त्यांच्या हातून पुसली गेली ना, तू म्हणालीस, बाबा, विचारून तरी करत जा. ते यांच्या मनात बसलंय. आज म्हणाले, त्यांना नको असेल तर आपण कशाला जायचं.”

चित्रांचं ते मी कधीच विसरले होते. माझे बाबा तिकडे बंद पडलेल्या पासवर्डासमोर बसून आपला गुन्हा शोधत होते आणि मी इकडे डबे भरत होते. मला रडूच फुटलं. लगेच त्यांना फोनवर बोलावून घेतलं, सिस्टिम बदलली हो बाबा, सांगायचं राहिलं, पासवर्ड कुणी बदललेला नाही, असं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, “हो का. असू दे. तुम्हाला तुमची कामं असतात.” ज्या आवाजात ते कचेरीतल्या साहेबाशी बोलायचे त्या आवाजात. माझ्यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

नवऱ्याने हे सगळं ऐकलं होतं. तो उठून डेस्कटॉपपुढे जाऊन बसला. ते सॉफ्टवेअर त्याने लिनक्सवर चालू केलं खरं, पण त्यात एक अडचण निघाली. आधी पासवर्ड टाकला की काम भागायचं. आता बाहेरून कुणी आलं की स्क्रीनवर एक चौकट उघडायची, ‘आत घ्यायचं का?’ आणि इथे कुणीतरी उठून ‘हो’वर क्लिक केल्याशिवाय बाबांना काहीच दिसायचं नाही. त्याने पुष्कळ डोकं लढवलं, आमच्या त्या मशीनवर त्याला काही तोड सापडेना. शेवटी माउस बाजूला सारून म्हणाला, “परत ते जुनं विंडोजच टाकतो. नाहीतर विंडोजवालं नवीन मशीन घेऊ या.”

हे वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी नाही म्हणून पैज लावली असती. त्या क्षणी तो मला फार आवडला. तसं सांगितलंही मी त्याला. त्याला वाटलं, चिडवतेय.

रविवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवून बाबांना यायला सांगितलं. चौकट उघडली, लेकीने धावत जाऊन क्लिक केलं. बाण आला आणि मधोमध उभा राहिला.

“अरे, इथे तर सगळंच बदललंय. माझी जास्वंद कुठे गेली?”

“शोधतो, बाबा,” नवरा म्हणाला. “आणि हे थोडेच दिवस हं. यात तुम्ही आलात की प्रत्येक वेळी इथे कुणालातरी येऊन क्लिक करावं लागतं. पुढच्या वीकेंडला मी परत विंडोज टाकतो. मग तुम्हाला आधीसारखं थेट येता येईल.”

बाण जागचा हलेना. मला वाटलं, लाइन तुटली.

“म्हणजे मी आलो, की कुणीतरी तिथे येणार?” बाबांनी विचारलं.

“हो, यावंच लागतं.”

“रोज?”

“रोज.”

“मग जावईबापू, हेच राहू द्या,” बाबा म्हणाले. “आधी मी यायचो, तासभर बसायचो, जायचो. तुमची सगळ्यांची सकाळची घाई. मी आलोय हे कधी कुणाला कळायचं, कधी नाही.”

आता त्यांचा आवाज घरातला होता, नेहमीचा. मी तव्यावरची पोळी उतरवली, शेगडी बंद केली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.