‘छान आहे’ यावर न विसंबणाऱ्या बाई

डॉ. वसुधा केळशीकर यांच्याशी माझी ओळख बोलणी खाऊनच झाली. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी त्यांच्या विभागात नुकताच रुजू झालो होतो. एका रुग्णाच्या कागदावर मी ‘पाठदुखी कमी’ असे लिहिले आणि बाईंनी बोलावून घेतले.

“हे पेशंट म्हणाले की तुम्ही?”

“तेच म्हणाले, मॅडम.”

“तुम्ही विचारलंत कसं?”

“आता बरं वाटतंय ना, असं.”

“मग ‘नाही’ म्हणायला त्या बिचाऱ्यांना जागा कुठे ठेवलीत?”

समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवणे हेच बाईंचे आयुष्यभराचे काम, असे आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना वाटते. पण हे वाक्य जरा जास्तच नेटके झाले आहे. बाई त्याचाही पुरावा मागतील. म्हणून पाहिले तेवढेच सांगतो.

माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा बाई कोथरूडहून बसने वारज्याला आमच्या घरी येत. वडिलांची कूस बदलताना आईची पाठ जाऊ नये, म्हणून तिला शिकवत. आई “जमतं हो आता” म्हणाली, की बाई खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, “दाखवा.”

निवृत्तीनंतर बाई एका रुग्णालयात मानद सल्लागार होत्या. तिथे एक्झोसूटचा अभ्यास त्यांनी हाती घेतला आणि मी त्यांचा सहायक होतो. एक्झोसूट म्हणजे खांद्यापासून मांड्यांपर्यंत येणारे, लवचिक पट्ट्यांचे जाकीट. वाकताना पट्टे ताणले जातात आणि पाठीच्या स्नायूंवरचा थोडा भार स्वतः घेतात. सगळे त्या जाकिटाला नुसते ‘पट्टा’ म्हणत. दिवसभर रुग्णांना उचलणाऱ्या मावशींना त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहायचे होते. मांडीचे पट्टे साडीवर बसत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळले. मग मावशींसाठी सलवारी शिवून घेतल्या.

दुपारी बाई मावशींच्याच खोलीत डबा खात. अभ्यासाच्या कितीतरी आधीपासूनचा हा परिपाठ. शकुंतलामावशी त्यांच्या समोर बसत आणि दोघी भाज्यांची अदलाबदल करीत. बाई एकट्या राहतात. दिवसभरातले गप्पा मारत झालेले त्यांचे जेवण तेवढे एकच असावे. जेवताजेवता बाई पट्ट्याबद्दलही विचारीत. सगळ्या मावशी एकमुखाने सांगत, “छान आहे, मॅडम. पाठ अगदी हलकी वाटते.”

एके दिवशी मीही तिथे होतो. बाईंनी दुधीची भाजी आणली होती. शकुंतलामावशींनी घास घेतला आणि म्हणाल्या, “झकास झालीय.” मग बाईंनी घास घेतला. भाजीत मीठ अजिबात नव्हते.

“शकुंतलाबाई, ही अळणी आहे.”

“असू दे की. तुम्ही एवढी प्रेमानं आणता.”

“आणि पट्टा?”

मावशी पोळीचा तुकडा मोडू लागल्या. मग कोपऱ्यातून दुसऱ्या एकीने सांगितले, की मांडीला काचतो, घामाने आग होते, बाथरूमला जायचे तर सगळा सोडावा लागतो. शकुंतलामावशी तिच्यावर डाफरल्या, “गप्प बस गं! मॅडम आपल्यासाठी एवढं करतात, आणि आपण नावं ठेवायची?”

बाईंनी तोवरची सगळी उत्तरे बाद केली. पुढची विचारणा बाहेरच्या एका मुलीवर सोपवली, आणि अभ्यास संपेपर्यंत मावशींच्या खोलीत जाणे बंद केले. कारणही सगळ्यांना नीट समजावून सांगितले. तरीही शकुंतलामावशी मला जिन्यात गाठून विचारत, “आमचं काही चुकलं का हो?” मी पुन्हा कारण सांगे. त्या मान हलवत. कारण समजले म्हणून माणसाला बरे वाटतेच असे नाही. वरच्या मजल्यावर बाई दार लोटून एकट्या जेवत. मी सोबत बसू का, असे एकदा विचारले. “आकडे तुम्ही मांडता ना? मग नको,” एवढेच म्हणाल्या.

निष्कर्षात बाईंनी लिहिले, की वाकून उचलताना पाठीच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो. चालण्या-बसण्यात पट्टा काहींना अडचणीचा होतो. पाठीची दुखापत त्याने टळते की नाही, हे मात्र आपल्याला अजून माहीत नाही. पट्टे पुरवणाऱ्या कंपनीच्या साहेबांना माहितीपत्रकात ‘दुखापत टळते’ असे हवे होते. “काही वर्षं लक्ष ठेवू द्या, टळली तर मी स्वतः लिहीन,” बाई म्हणाल्या. कंपनीने पट्टे परत नेले. ज्यांना ते खरोखर आवडले होते, त्या मावशी रुसल्या. त्यांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

अभ्यास संपल्यावर बाई डबा घेऊन खाली गेल्या. शकुंतलामावशी तोवर काम सोडून बिबवेवाडीला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. बाई त्या खोलीत जेवल्या आणि वर आल्या. त्यानंतर त्या कधी खाली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बाईंच्या या गौरवग्रंथासाठी मी शकुंतलामावशींना शोधून काढले आणि पंचाहत्तरीच्या समारंभाचे आमंत्रण दिले. त्या म्हणाल्या, “येईन की. पण सांगा त्यांना, डबा मी आणणार. त्यांच्या हाताला मीठच नाही. इतकी वर्षं खाल्लं बाई कसंतरी.”

मावशींचा हा निरोप सांगायला मी कोथरूडला बाईंकडे गेलो. बाईंनी तो ऐकला.

“हे त्या स्वतःहून म्हणाल्या, की तुम्ही विचारलंत?”

“स्वतःहून, बाई.”

“मग हे उत्तर धरायला हरकत नाही,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

बाईंना शंभरी लाभो, त्यांची पाठ ताठ राहो. आणि रोज दुपारी समोर बसून ‘आज मीठ विसरलात’ असे तोंडावर सांगणारे माणूस त्यांना शेवटपर्यंत मिळो.