दोन फुटांत वळणारी गाडी

बनकर काकांना कुणी दुःख सांगायला गेलं की ते आधी विचारायचे, "स्केल काय?" पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. अख्खं धरण आणि त्यात बुडणारी गावं एका कागदावर बसवायची म्हणजे आधी प्रमाण ठरवावं लागतं. तीच सवय घरीही आली. माझ्या नवऱ्याची बदली झाली म्हणून मी डोळे पुसत होते, तर हा शेजारचा माणूस माझ्याच घरचा चहा पीत म्हणाला, "कुठं? नांदेडला? मग स्केल लहान धर. सकाळची गाडी पकडली की दुपारी तिथं." मला असा राग आला की हातातला कप काढून घ्यावा वाटलं. कौसल्याकाकू म्हणाल्या, "तू नको लक्ष देऊ. ह्यांच्या डोक्यात मेंदूच्या जागी फूटपट्टी हाये."

सिडकोत आमच्या दोन घरांत एकच भिंत. काका मूळचे कन्नडचे, काकू सोयगावच्या. दोन्हीकडं रेल्वे नाही. लहानपणी गाडी बघायची तर काकांना घाट उतरून चाळीसगावला जावं लागे, आणि परत येताना ते एस्टीत रडत यायचे म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "सरकार कन्नडला रेल्वे आणंल तवा आणंल. मी माझ्या बैठकीत आणतो." घाट, बोगदा, पूल आणि त्यातून वर चढणारी खेळण्यातली आगगाडी. आता हे म्हातारपणीचं खूळ चार दिवसांत उतरेल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! काका दोन वर्षं नुसता स्केल ठरवत होते.

त्यांनी मलाही पढवून ठेवलं होतं. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान, एन म्हणजे एकशेसाठपट. एचओचा डबा वीतभर, एनचा जेमतेम अर्धी वीत. एन दोन फुटांत वळते, एचओला वळायला चार फूट लागतात. काकांची बोटं जाड, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचा काढलेला, त्यामुळं त्यांचा जीव एचओवर. इंजिन आणि दोन डबे त्यांनी आधीच मागवून शोकेसमध्ये ठेवले होते. पण बैठक दहा बाय दहाची. "सोफा काढला तर पाहुणे काय इंजिनावर बसतील का?" असं काकू महिनाभर म्हणत राहिल्या आणि एक दिवस स्वतःच भंगारवाल्याला हाक मारून सोफा देऊन मोकळ्या झाल्या.

सोफा गेला त्याच महिन्यात काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून काका बाहेर आले तेव्हा मला वाटलं, आता विचारतील स्केल काय म्हणून. त्यांनी काहीच विचारलं नाही. सोफ्याच्या जागी हँडल फिरवून वर होणारा, चाकांचा पलंग आला. चारही बाजूंनी फिरायला वाट हवी, कारण काकूंना सारखं कुशीवर वळवावं लागे. भिंतीलगत उरली दोन फूट पट्टी.

बाई ठेवा म्हणून मुलगा पुण्याहून फोन करायचा. काका ऐकत नव्हते. आंघोळ, शौचाचं भांडं, चादरी, भरवणं, सगळं स्वतः. पाठीला एक जखम होऊ दिली नाही या माणसानं. "हे काम बायका करतात तवा कुणी शाबासकी देत नाय, मला कशाला देता?" असं म्हणून ते कौतुक उडवून लावायचे.

काकूंची जीभ जड झाली होती, पण तिची धार कायम होती. एका संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले. काका नेहमीसारखे भिंतीकडं बघत बसले होते. काकू म्हणाल्या, "थांबा की जरा. मी गेले की पलंग निघंल. मग टाका तुमची मोठी गाडी. चार काय, सहा फुटांत वळवा." मी हसायला गेले आणि काकांचं तोंड बघून माझं हसू जागीच गोठलं. ते उठून बाहेर ओट्यावर गेले. मी मागं गेले, तर म्हणाले, "एचओचं नाव आता या घरात काढायचं नाय. तो स्केल धरायचा म्हणजे तिच्या मरणाची वाट बघायची."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एन मागवला. भिंतीलगतच्या दोन फुटांत फळी ठोकली. मग सुरू झाला नुसता छळ. चिमट्यात डबा धरून, भिंगातून बघत ते रुळावर ठेवायचे. हात थरथरायचा, डबा आडवा. पुन्हा. पुन्हा आडवा. पलंगावरून काकूंना तर काहीच दिसत नव्हतं. "मुंगळा गेला का गाडी गेली?" त्या विचारायच्या. काका म्हणायचे, "बसंल, बसंल." वर्षभरात ती गाडी एकदाही पुरता फेरा करू शकली नाही, आणि शोकेसकडं काकांनी मान वळवून पाहिलं नाही.

मग काकूंच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात तीन दिवस काका खुर्चीतून हलले नाहीत. चौथ्या दिवशी मीच ओरडले, "घरी जा, आंघोळ करा, दोन घास खा. मी बसते." ते गेल्यावर काकूंनी नाकावरची नळी बाजूला केली. "घरी एकटेच हायेत," त्या म्हणाल्या. "पलंग रिकामा. टेप काढला असंल बघ." मी म्हटलं, "काकू, काहीतरीच काय!" त्या डाव्या गालानं हसल्या. "मोजू दे. लई दिवस दम धरला माणसानं. तू उगा बोलू नको त्यांना."

दुपारी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. काका फोन उचलेनात, म्हणून नर्सला बसवून मी रिक्षा केली. दार उघडंच होतं. पलंग ढकलत नेऊन स्वयंपाकघराच्या दारात लावला होता. रिकाम्या जागेत फरशीवर खडूनं मोठं गोल वळण काढलेलं, आणि त्यात काका गुडघ्यावर बसले होते, टेपचं टोक पायाखाली धरून. आंघोळ नाही, जेवण नाही. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला! म्हणाले, "वळतीया गं! आरामात वळतीया!" आणि मग मी का आले ते त्यांच्या लक्षात आलं.

आम्ही पोचलो तेव्हा काकू गेल्या होत्या.

तेराव्याला आलेला जो तो शहाणपणा शिकवत होता. आता जागा झाली, आता मोठी गाडी टाका, मन रमेल. काकांनी पलंग परत होता तिथं आणून लावला आणि त्यावर निजायला लागले. एनची फळीही काढून टाकली. शोकेसमधलं इंजिन मुलानं उचलून हातात दिलं, तर त्यांनी ते विस्तव धरल्यासारखं खाली ठेवलं.

मुलगा त्यांना पुण्याला न्यायला निघाला, त्याच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. समोर बसून काकूंचा शब्दन् शब्द सांगितला. "काकूंना माहीत होतं काका, त्याच म्हणाल्या मोजू दे. त्या हसत होत्या." काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लई गुणाची पोरगी हायेस तू. पण इतकं खोटं नको बोलू."

मी माझ्या लेकरांची शपथ घेतली. "शपथ कशाला घेती?" ते म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो, तर मीबी हेच बोललो असतो."

वर्षाच्या आत पुण्यातच ते वारले. त्यांच्या मुलाकडून कळलं, शेवटच्या दिवसांत ते माझी आठवण काढायचे. "शेजारी मिळावा तर असा," म्हणायचे. "मला बरं वाटावं म्हणून बिचारीनं लेकरांची खोटी शपथ खाल्ली."