बाप्पाला वाळूत ठेवून आलो

मंडळी, मोडेम लावून बसलेय खरी, पण पाय अजून गारठलेलेच आहेत.

आज दुपारी आम्ही तिघं लँकशायरच्या किनाऱ्यावर विसर्जनाला गेलो. सप्टेंबरातच वारा असा बोचरा की कान बधिर. ओहोटी होती, पाणी पार लांब. ह्यांना गुडघाभर तरी पाणी हवं होतं, म्हणून मूर्ती धरून चालत राहिले. मागे मी आणि सहा वर्षांची लेक, मोरया म्हणत.

एवढ्यात लेक ओरडली, "बाबा, लुक! मागे पाणी आला!"

वळून पाहिलं, तर किनारा आणि आमच्यामध्येच पाणी भरत होतं. भरती समोरूनच येते अशी आमची समजूत!

"अहो, ठेवा ती मूर्ती!" मी किंचाळले.

ह्यांनी बाप्पाला वाळूवर टेकवलं, लेकीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही धावत सुटलो. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यातून कसेबसे काठाला लागलो. मागे बाप्पा एकटेच, आमच्याकडे तोंड करून.

मगाशी अंथरुणात लेक म्हणाली, "मला बाबांनी उचललं. बाप्पाला कोणी उचललं?"

तिचं पांघरूण नीट केलं आणि इथे येऊन बसले. तुम्ही काय सांगितलं असतं?