वांग्यांच्या वाफ्यातली हाक

वाचायला शिकून पस्तावलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला वाचायला मीच शिकवलं होतं. कारंज्याजवळच्या धनजला मी शाळामास्तर होतो तेव्हा शाळेमागच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावणारे हे बुवा. वय पन्नाशीचं, पण भांडण बैलाशी, मोटेशी, मिरचीच्या रोपाशीसुद्धा. रोप वाकडं वाढलं तर चार दिवस त्याच्याशी बोलत नसत. एका हिवाळ्यात गावाबाहेर तंबू ठोकलेल्या पाद्रीसाहेबाला त्यांनी टोपलीभर वांगी नेऊन दिली, त्यानं यांना मराठी बायबल दिलं. झालं, दुसऱ्या दिवशी बुवा पाटी घेऊन माझ्या दारात.

पाद्रीसाहेबानं सांगितलं होतं, रोज थोडंच वाच, पण तुलाच आलेली चिठ्ठी समजून वाच. आता आमच्या गावात चिठ्ठी आली की वाचून दाखवणाऱ्याला उठू न देता तिथल्या तिथे जबाब लिहून घ्यायचा रिवाज. बुवांनी तोच बायबलाला लावला. ओळ वाचायची, बोट तिथंच ठेवायचं, मोठ्यानं जबाब द्यायचा आणि मगच पुढं सरकायचं. उजेड झाल्याचं वाचून त्यांनी "लय बेस केलं" अशी पोच दिली. भाजीपाला तिसऱ्या दिवशी आणि माणूस सहाव्या दिवशी झाला हे कळल्यावर मात्र खवळले. "मंग मधात पानी कोनं देल्लं, मास्तर?" मला ते आजही सांगता येत नाही.

पुढे बाग आली. पहिला माणूस सापाच्या नादानं चूक करून झाडांत लपतो, आणि सांजच्या गार वाऱ्यात देव बागेत फिरत त्याला विचारतो, कुठे आहेस म्हणून. तिथं बुवांचं बोट अडलं. पहिल्या दिवशी जबाब दिला, "वांग्यात हाओ." दुसऱ्या दिवशी, "हिरीवर हाओ." पुस्तकाचं काही समाधान होईना. पंधरा दिवसांनी ते पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्याकडे आले. "मास्तर, आता हाक पुस्तकातून येत नाई. माह्या मळ्यातून येते."

मी हसलो, आणि सांजेला त्यांच्याबरोबर मळ्यात गेलो. वारा अगदी पडलेला. तरी वांग्यांची एकच ओळ हलू लागली, कोणी सावकाश चालत यावं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि विहिरीपाशी थांबली. मला रोज भुंकणारा बुवांचा कुत्रा कोरड्या पाटाकडे बघून शेपूट हलवत होता. साप असेल, मी कसंबसं म्हणालो.

"सापाचं मागच्या पानावर झालं," बुवा म्हणाले. मग विहिरीकडे तोंड करून हळूच बोलले, "मी लपून राह्यलो हाओ. बारा वरसं झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. विहीर त्यांची आणि धाकट्या भावाची, पाण्याची पाळी एक दिवसाआड. एका कडक उन्हाळ्यात, धाकट्याची पाठ वळताच, बुवांनी त्याच्या पाळीचा पाट फोडून पाणी आपल्या वांग्यांकडे वळवलं होतं. एकदा नव्हे, महिनाभर. उंदरांनी पाट पोखरला असं सांगितलं. धाकट्याचा मळा वाळला आणि तो बायकोपोरं घेऊन मेडशीला सासऱ्याकडे राहायला गेला.

"जाऊन सांगा त्याला."

"त्यानं तोंड फिरवलं तं? मले एकच भाऊ हाय, मास्तर."

तिसऱ्या दिवशी ते पुस्तक काखेत मारून मेडशीला निघाले, आणि आठवड्यानं दोघं भाऊ एकत्र परतले. धाकटा मला म्हणाला, "एवढा मोठा उंदीर नसते, हे मले तवाच समजलं होतं. दादा सांगन म्हनून थांबलो होतो." विहिरीवर पुन्हा दोन मोटा चालू लागल्या. वांग्यांची ओळ पुन्हा कधी हलली नाही, आणि कुत्रा मला पूर्वीसारखा भुंकू लागला.

बुवा गेल्यावर धाकट्यानं ते पुस्तक मला आणून दिलं. त्या ओळीवर त्यांच्या बोटाचा मातकट डाग आहे. अक्षरं मी शिकवली खरी, पण वाचायचं कसं ते त्यांनीच शिकवलं, आणि त्यांची मला फार आठवण येते. माझाही एक मित्र आहे, ज्याच्याकडे मी वीस वर्षांपूर्वीच जायला हवं होतं आणि गेलेलो नाही. दिवस मावळताना मी पुस्तक उघडतो, डागावर बोट ठेवतो. वारा नसतो, तरी अंगणातली तुळस हलू लागते. "घरातच आहे," असं म्हणून पाहतो. ती हलायची थांबत नाही.