उत्तरासाठी थांबणारी बाई

भालकीकडच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर ती बाई बिनपगारी संध्याकाळचा कार्यक्रम चालवायची. पिकांवर बोलायला मी एकदा तिथं गेलो होतो. माइकजवळ वाकून तिनं आधी कन्नडात, मग मराठीत विचारलं, "जेवलात का?" आणि मान कलती करून गप्प बसली. मला वाटलं, मशीनच बंद पडलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, मधेच कामून थांबता? तिकडचा आवाज तर येत न्हाई."

"इचारलं की उत्तराला थांबावं लागतंय," ती म्हणाली. "घरात एकटंच माणूस असंल तर?"

यंदा बायको गेली. काल भाकरी झाकून ठेवून रेडिओ लावला. अक्कानं विचारलं, आणि थांबली.

"न्हाई अजून, अक्का."

आवाज घोगरा निघाला. दिवसभर कोणाशी बोललोच नव्हतो.