चांगली पट्टी मळून आली

बिघडलेल्या संगणकाला हात लावण्याआधी सफुरा त्याच्या माणसाला प्रश्न विचारते. रेवदंड्यात बारा वर्षं ती संगणक दुरुस्त करते आहे, पण पहिला प्रश्न बदललेला नाही: "शेवटचा बरा कधी होता?"

"काल," सदाकाका म्हणाले आणि मच्छीमार सोसायटीच्या कुरकुरणाऱ्या खुर्चीत टेकले. गुडघे दुखायला लागल्यावर काकांनी बोट सोडली आणि हे टेबल धरलं. उद्या निघणाऱ्या अकरा बोटींच्या खलाशांची यादी याच संगणकात होती. तीन वाजेपर्यंत ती बंदरावर पोचली नाही, तर बोटी धक्क्यालाच राहणार होत्या.

सफुराने बटण दाबलं. पडदा काळाच, आतून मात्र लांब लांब शिट्ट्या.

"रॅम ओरडतेय," ती म्हणाली.

खाऱ्या वाऱ्याने रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्यांची टोकं काळवंडतात, हे तिला पाठ होतं. पण काढून पाहते तर दोन्ही पट्ट्या लख्ख! एकेक लावून पाहिली, तीच शिट्टी. मग तिने पिशवीतली स्वतःची, खात्रीची पट्टी खाचेत बसवली. तरीही तीच.

"म्हंजे मशीनच गेलं?" काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"थांबा हो."

तिने आपली पट्टी काढून उजेडात धरली. चांगली पट्टी आत जाऊन मळून आली होती! तिने त्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"काका, हा वास बोटीच्या इंजिनाचा आहे."

काकांनी मान खाली घातली. "गो बाय, खाऱ्या हवेत आमी समद्यालाच ग्रीस लावतो. म्हटलं, गंजाया नको. मंग चालूच होईना. पट्ट्या पुसल्या, पन त्या खाचेत बोट जाईना."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू हसशील म्हून."

"मग आता काय रडतेय?" सफुरा हसतच म्हणाली.

स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तिने खाचा साफ केल्या, नीट वाळू दिल्या. पट्ट्यांच्या टोकांवरून खोडरबर फिरवला. या वेळी एकच आखूड शिट्टी झाली आणि पडदा उजळला.

दोन वाजता प्रिंटरमधून यादी निघाली. काकांनी बोट ठेवून अकरा बोटी मोजल्या, यादी घेऊन ते बंदराकडे निघाले, पण दारातून मागे वळले.

"सफुरा, डबाभर ग्रीस उरलंय. त्याचं काय करू?"

"आधी या खुर्चीला लावा."